पाचगणी ते म्युनिक : फ्रेडी मर्क्युरीचे झगमगते आणि झाकलेले आयुष्य

रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वांत बुलंद आवाजांपैकी एक असलेल्या या पारशी गायकाने आपले दुखणे अखेरच्या दिवसापर्यंत जगापासून लपवले. मद्य, कोकेन आणि असुरक्षित संबंधांनी भरलेल्या एका काळाची ही कहाणी आजही अनेकांना लागू पडणारी आहे.

लंडनच्या केन्सिंग्टन भागातील गार्डन लॉज या उंच भिंतींच्या घराबाहेर नोव्हेंबर १९९१ मध्ये छायाचित्रकारांचा दिवसरात्र पहारा होता. आत 'क्वीन' या जगप्रसिद्ध बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्या खंगलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे अनेक महिन्यांपासून छापून येत होती आणि त्यावरून तर्क लढवले जात होते. अखेर २३ नोव्हेंबरला त्याच्या वतीने एक छोटे निवेदन प्रसिद्ध झाले. आपल्याला एचआयव्हीची लागण झाली असून एड्स झाला आहे, हे त्याने त्यात प्रथमच मान्य केले. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. त्याचे वय अवघे ४५ वर्षांचे होते.

ज्या माणसाने लाखोंच्या सभा एका हाताच्या इशाऱ्यावर गायला लावल्या, त्याने स्वतःच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या गोष्टीविषयी इतके दीर्घ मौन का पाळले, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ त्याच्या स्वभावात नाही. ते त्याच्या काळातही शोधावे लागते.

झांझिबार, मुंबई, पाचगणी

फ्रेडीचे मूळ नाव फारुख बुलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर झाला. वडील बोमी बुलसारा तेथील ब्रिटिश प्रशासनात रोखपाल होते. आईचे नाव जेर. कुटुंब पारशी, मूळचे गुजरातमधील बुलसार म्हणजे आजच्या वलसाडचे. आडनावही त्या गावावरूनच आलेले.

मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आई-वडिलांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी हिंदुस्थानात धाडले. पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेत तो दाखल झाला. सुटीत दरवेळी झांझिबार गाठणे शक्य नव्हते, तेव्हा तो मुंबईत आजी आणि आत्याकडे राहायचा. घरापासून हजारो मैलांवर वाढणाऱ्या या बुजऱ्या मुलाचे दात पुढे आलेले होते आणि त्यावरून त्याची चेष्टाही होत असे. पियानोवर मात्र त्याचा हात विलक्षण चालत असे. शाळेने त्याची ही ओढ ओळखली. त्याला स्वतंत्र शिकवणी मिळाली आणि चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्याने दिल्या. १९५८ मध्ये, बाराव्या वर्षी, त्याने चार मित्रांसह 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. रेडिओवर ऐकलेली पाश्चात्त्य गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. फारुखचा 'फ्रेडी' झाला तो याच शाळेत.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे रक्तरंजित क्रांती झाली. अरब आणि हिंदी वंशाच्या लोकांवर हल्ले सुरू झाले. हातात मावेल तेवढे सामान घेऊन बुलसारा कुटुंब इंग्लंडला आले आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात स्थिरावले. फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा होता.

लंडन आणि 'क्वीन'

ईलिंगच्या कला महाविद्यालयातून त्याने १९६९ मध्ये ग्राफिक कलेची पदविका घेतली. मधल्या काळात त्याने हीथ्रोवर सामान वाहिले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांचा गाळा चालवला आणि दोन-तीन बँडमध्ये नशीब आजमावले. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याशी त्याची जोडी जमली. वर्षभरात जॉन डीकन हा बासवादक येऊन मिळाला. बँडचे 'क्वीन' हे नाव फ्रेडीने सुचवले. स्वतःचे बुलसारा हे आडनावही याच सुमारास त्याने टाकले आणि मर्क्युरी हे नाव घेतले.

१९७५ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या सुमारे सहा मिनिटांच्या गाण्याने सगळे चित्र पालटले. ऑपेरा, रॉक आणि विलापगीत यांचे असे मिश्रण रेडिओवर चालणार नाही, असे जाणकारांचे मत होते. ते गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

याच वर्षांत त्याच्या खासगी आयुष्यात एक वळण आले. मेरी ऑस्टिन ही त्याची सहचरी होती. दोघे अनेक वर्षे एकत्र राहत होते. १९७६ च्या सुमारास फ्रेडीने तिच्याजवळ आपल्या पुरुषांविषयीच्या आकर्षणाची कबुली दिली. त्यांचे प्रेमसंबंध तेथे संपले, मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली. आई-वडिलांसमोर त्याने हा विषय कधी उघडपणे मांडला नाही. बाहेरच्या जगाने विचारले, की तो थट्टेत उत्तर टाळत असे.

या टाळाटाळीला कारण होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधील समलैंगिक संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होता. त्या वर्षीच्या कायद्याने २१ वर्षांवरील दोन पुरुषांच्या पूर्णतः खासगी संबंधांना तेवढी मोकळीक दिली. कायदा बदलला तरी नोकरी, घर, कुटुंब आणि वर्तमानपत्रे यांची नजर बदलली नव्हती. अशा पुरुषांना एकमेकांना निर्धास्तपणे भेटण्यासाठी जागा उरत होत्या त्या काही बार आणि रात्रीचे क्लब. तेथे ओळख मद्याच्या ग्लासाने सुरू होई आणि पुढे कोकेन किंवा पॉपर्सपर्यंत सहज पोहोचे.

म्युनिकच्या रात्री

१९७९ पासून 'क्वीन'चे ध्वनिमुद्रण जर्मनीतील म्युनिक येथील म्युझिकलँड स्टुडिओत होऊ लागले. कर वाचवण्यासाठी ब्रिटनबाहेर राहणे त्या काळातील श्रीमंत कलावंतांना सोयीचे होते. पण फ्रेडीला म्युनिक आवडले ते दुसऱ्या कारणाने. लंडनसारखे पत्रकार तेथे मागे लागत नव्हते. शहरात समलैंगिकांचे अनेक क्लब होते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याने तेथे जवळजवळ घरच केले. न्यूयॉर्कलाही त्याचे वारंवार जाणे असे आणि तेथील क्लबमध्ये रात्री सरत.

त्याच्या सहकाऱ्यांनी आणि निकटवर्तीयांनी नंतर लिहून ठेवलेल्या आठवणींतून त्या दिवसांचे चित्र स्पष्ट होते. सकाळपर्यंत चालणाऱ्या मेजवान्या, व्होडका, कोकेन आणि रोज नव्या माणसांची सोबत. ध्वनिमुद्रण दुपारनंतर सुरू होई आणि कधी कधी होतच नसे. १९८२ मधील 'हॉट स्पेस' हा अल्बम चाहत्यांना रुचला नाही आणि बँड फुटण्याच्या बेतात आला. सप्टेंबर १९८५ मध्ये फ्रेडीने आपला ३९ वा वाढदिवस म्युनिकच्या एका क्लबमध्ये साजरा केला. पाहुण्यांनी फक्त काळ्या-पांढऱ्या वेशात यायचे होते.

तो एकटेपणाने त्रस्त होता, असेही याच आठवणी सांगतात. गर्दीत राहूनही विश्वासाचे माणूस त्याच्याजवळ थोडे होते. नशेने तो एकटेपणा काही तासांपुरता झाकला जाई.

एका रोगाचे आगमन

म्युनिकमध्ये हे सुरू असतानाच अमेरिकेतून अशुभ बातमी आली होती. ५ जून १९८१ रोजी तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांची नोंद प्रसिद्ध झाली. सगळे समलैंगिक, वय २९ ते ३६. एरवी निरोगी माणसाला न होणारा एक दुर्मीळ न्यूमोनिया त्यांना झाला होता. नोंद छापली जाईपर्यंत दोघे दगावले होते. या पाचही जणांनी नाकाने हुंगण्याची नशा केली होती, हेही त्या टिपणात नमूद होते.

त्यामुळे पहिला संशय गेला तो पॉपर्सवर. अमाइल नायट्राइट हे मूळचे हृदयरोग्यांच्या छातीतील कळेवरचे औषध. ते हुंगले की रक्तवाहिन्या क्षणात सैलावतात, डोके हलके होते आणि स्नायू शिथिल होतात. १९७० च्या दशकात क्लबमध्ये त्याच्या छोट्या बाटल्या सर्रास मिळत. हेच द्रव्य शरीराची प्रतिकारशक्ती पोखरत असावे, असे काही काळ मानले गेले.

१९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रांस्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतानिए यांच्या गटाने खरा अपराधी शोधला. तो एक विषाणू होता. पुढे त्याला एचआयव्ही हे नाव मिळाले आणि या दोघांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक. रक्ताची चाचणी १९८५ मध्ये उपलब्ध झाली. त्याआधीची काही वर्षे विषाणू नकळत पसरत होता. लागण झाल्यापासून उपचारांविना एड्सची लक्षणे दिसेपर्यंत सरासरी सुमारे दहा वर्षे जातात. म्हणजे १९८० च्या आसपास ज्यांना लागण झाली, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपल्या आणि जोडीदाराच्या शरीरात काय शिरले आहे याची कल्पना असणे शक्यच नव्हते. फ्रेडीला लागण कधी आणि कोणाकडून झाली हे सांगता येत नाही ते म्हणूनच. म्युनिक, न्यूयॉर्क किंवा एखाद्या विशिष्ट व्यक्तीवर बोट ठेवणे निराधार आहे.

नशा आणि धोका

मग नशेचा या रोगाशी संबंध नव्हता का? संबंध होता, पण वेगळ्या प्रकारचा. अमेरिकेतील बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस आणि पिट्सबर्ग या चार शहरांत १९८४ पासून हजारो समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे विषाणू शरीरात नसेल, तर केवळ नशेने एड्स होत नाही. दुसरी म्हणजे पॉपर्स आणि उत्तेजक द्रव्ये वापरणाऱ्यांना विषाणूची लागण होण्याचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त असते.

कारण समजण्यास अवघड नाही. मद्य आणि कोकेन यांनी भीती आणि विवेक दोन्ही मंदावतात. कंडोमची आठवण राहत नाही किंवा राहिली तरी आग्रह धरवत नाही. एका रात्रीत अनेकांशी संबंध येतात. संबंध लांबतात, वेदना जाणवत नाही आणि नाजूक त्वचेला झालेली जखम लक्षात येत नाही. विषाणूला रक्तात शिरायला तेवढी वाट पुरते. सिफिलिस, गनोरिया यांसारखे आजार आधीपासून असतील तर धोका आणखी वाढतो.

हे ओळखून सर्वप्रथम पावले उचलली ती समलैंगिक पुरुषांनीच. १९८३ मध्ये न्यूयॉर्कमधील मायकल कॅलन आणि रिचर्ड बर्कोविट्झ या दोघांनी डॉ. जोसेफ सोनाबेंड यांच्या मार्गदर्शनाखाली एक पुस्तिका काढली. संबंध तोडण्याचा उपदेश न करता कंडोमचा वापर कसा वाचवू शकतो, हे तिने समजावले. लंडनमध्ये टेरी हिगिन्स हा तरुण जुलै १९८२ मध्ये या रोगाने गेला. त्याच्या मित्रांनी त्याच्याच नावाने ट्रस्ट स्थापन केला. सरकार मात्र उशिरा जागे झाले. ब्रिटनमध्ये घरोघरी माहितीपत्रके पोहोचली ती १९८७ मध्ये.

निदान आणि मौन

१३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ले स्टेडियमवर 'लाइव्ह एड' हा मदतनिधीचा कार्यक्रम झाला. जेमतेम २० मिनिटांच्या सादरीकरणात फ्रेडीने ७२ हजार लोकांना खिळवून ठेवले. २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या आयुष्यावरील गाजलेल्या चित्रपटात त्याला या कार्यक्रमाआधीच आपला आजार कळला होता, असे दाखवले आहे. प्रत्यक्षात त्याचा सोबती जिम हटन याच्या आठवणींनुसार निदान झाले ते एप्रिल १९८७ मध्ये.

हटन हा लंडनमध्ये केशकर्तनाचे काम करणारा आयरिश गृहस्थ. १९८५ मध्ये दोघांचे सूर जुळले. त्याच सुमारास फ्रेडीने म्युनिक सोडले आणि गार्डन लॉजमध्ये बस्तान हलवले. क्लब सुटले. मांजरी, बागकाम आणि जपानी कलावस्तूंचा संग्रह यांत तो रमू लागला. पण आयुष्याची घडी बसत असतानाच डॉक्टरांचा निष्कर्ष हाती आला. त्याने हटनला सोडून जाण्याची मोकळीक देऊ केली. हटन गेला नाही. पुढे त्यालाही लागण असल्याचे निष्पन्न झाले.

त्याच वर्षी फ्रेडीच्या एका बडतर्फ साहाय्यकाने त्याच्या खासगी आयुष्याच्या कहाण्या एका इंग्रजी वृत्तपत्राला विकल्या. एड्सने मरण पावलेल्या त्याच्या जुन्या मित्रांची नावे त्यांत होती. ब्रिटनमधील काही वर्तमानपत्रे तेव्हा या रोगाला समलैंगिकांचा प्लेग म्हणत होती. रुग्णांना स्पर्श करायला परिचारिका कचरत. एप्रिल १९८७ मध्ये राजकुमारी डायनाने लंडनच्या एका रुग्णालयात एड्सच्या रुग्णाशी हातमोजा न घालता हस्तांदोलन केले, ती जगभर बातमी झाली. अशा वातावरणात आजार उघड करणे म्हणजे स्वतःबरोबरच आई-वडील, सोबती आणि सहकारी यांनाही चव्हाट्यावर आणणे होते.

तरीही या मौनावर टीका झाली. हॉलिवूडचा नायक रॉक हडसन याने जुलै १९८५ मध्ये आपला आजार जाहीर केला, तेव्हा अमेरिकेत प्रथमच सामान्य माणूस या रोगाविषयी बोलू लागला होता. फ्रेडी दोन-तीन वर्षे आधी बोलला असता तर किती तरुणांनी चाचणी करून घेतली असती, असा प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारला. तो अप्रस्तुत नाही. मात्र आजारी माणसावर समाजाच्या प्रबोधनाची सक्ती करता येते का, याचे उत्तर देणेही तितकेच कठीण आहे.

अखेरची गाणी

निदानानंतरची चार वर्षे फ्रेडीने झपाटल्यासारखे काम केले. स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात कबाये हिच्यासोबतचा 'बार्सिलोना' हा अल्बम १९८८ मध्ये आला. १९८९ मध्ये 'द मिरॅकल' आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये 'इन्युएंडो'. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत तो काही ओळी गायचा, थकून बसायचा आणि पुन्हा उभा राहायचा. मे १९९१ मध्ये त्याने अखेरच्या चित्रफितीत काम केले. चेहऱ्यावर जाड रंग होता आणि पायाच्या जखमेमुळे चालणे अवघड झाले होते. एझेडटी हे एड्सवरचे पहिले औषध १९८७ मध्ये आले होते, पण ते एकटे विषाणूला फार काळ रोखू शकत नव्हते. शेवटच्या आठवड्यांत वेदनाशामकांखेरीज इतर औषधे घेणे त्याने थांबवले.

२७ नोव्हेंबरला लंडनमध्ये मोजक्या लोकांच्या उपस्थितीत अंत्यविधी झाला. पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातील प्रार्थना म्हटल्या. लंडनच्या क्लबमध्ये आणि म्युनिकच्या रात्रींत जे नाव कोणी घेत नव्हते, त्या फारुख बुलसाराला त्याच्या आई-वडिलांनी आपल्या रीतीने निरोप दिला. अस्थी मेरी ऑस्टिनने एका अज्ञात स्थळी ठेवल्या. घर आणि संपत्तीचा मोठा वाटा त्याने तिच्याच नावे केला होता, तर हटनला पाच लाख पौंड. पुरुष जोडीदाराला ब्रिटनच्या कायद्यात तेव्हा कोणतेच स्थान नव्हते.

मृत्यूनंतर

डिसेंबर १९९१ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा प्रकाशित झाले आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातून जमलेले दहा लाख पौंडांहून अधिक टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्लेवर आदरांजलीचा कार्यक्रम झाला. तेथे अभिनेत्री एलिझाबेथ टेलर हिने व्यासपीठावरून तरुणांना कंडोम वापरण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी 'क्वीन'च्या सहकाऱ्यांनी मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट स्थापन केला. हयातीत न बोललेला फ्रेडी मृत्यूनंतर या विषयाचा चेहरा बनला.

संयुक्त औषधोपचार १९९६ मध्ये आले. आणखी पाच वर्षे निघाली असती तर फ्रेडी कदाचित आजही असता. भारतात सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. आज नियमित औषध घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण नगण्य झालेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे सिद्ध झाले आहे. लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या गोळ्या उपलब्ध आहेत. धोका घडून गेल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करायचे औषधही आहे.

बदलले नाही ते नशेचे आकर्षण. फक्त द्रव्ये बदलली. मेफेड्रोन, मेथॲम्फेटामिन यांसारखी रसायने जगातील अनेक महानगरांत पुरुषांच्या खासगी मेजवान्यांत पोहोचली आहेत. मुंबई पोलिसांना म्याऊ म्याऊ या नावाने परिचित असलेल्या मेफेड्रोनवर भारतात २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली बंदी आली. अशा नशेत संबंध दीर्घकाळ चालतात, गोळ्यांची वेळ चुकते, सुया वाटून घेतल्या जातात आणि एचआयव्हीबरोबर हेपटायटिस सी हादेखील पसरतो. त्यातच पोलिसांची आणि बदनामीची भीती माणसाला डॉक्टरपासून दूर ठेवते. त्यामुळे नशामुक्तीचा सल्ला आणि लैंगिक आरोग्याची तपासणी एकाच ठिकाणी, नाव न विचारता आणि नीतीचे धडे न देता मिळावी, यावर तज्ज्ञांचा भर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील समलैंगिक संबंधांना भारतीय दंड विधानाच्या कलम ३७७ मधून वगळले. फ्रेडीच्या ७२ व्या जन्मदिनाचा तो दुसरा दिवस होता. ज्या देशात तो पियानो शिकला, त्या देशात कायद्याचे एक दार उघडले. पण निकालाने घरातील शांतता आपोआप मोडत नाही. पाचगणीसारख्या शाळांतून आजही मुले घरापासून दूर वाढतात आणि त्यांच्यापैकी काहींच्या मनात तोच प्रश्न असतो, जो फारुखने आई-वडिलांपुढे कधी उच्चारला नाही. तो ऐकून घेणारे कोणी घरात किंवा दवाखान्यात भेटले, तर त्यांना उत्तरासाठी क्लबच्या अंधाराकडे जावे लागणार नाही.